मांजर येण्याआधी स्वेटर पुरा करा!

आइसलँडमध्ये नाताळच्या सुमारास एक मांजर फिरतं. घराएवढं मोठं, मिशा ताठ, डोळे निखाऱ्यासारखे. उंदरांत त्याला रस नाही. ते प्रत्येक घराच्या खिडकीतून डोकावतं आणि आतल्या माणसांच्या अंगावर एक तरी नवा कपडा आहे की नाही, ते बघतं. ज्याला नवं काहीच मिळालेलं नाही, त्याची धडगत नाही! नवा कपडा म्हणजे भरजरी पोशाख नव्हे. घरच्या मेंढीच्या लोकरीचा, घरात विणलेला पायमोजांचा जोड असला तरी मांजर पुढच्या घराकडे वळतं.

‘योलाकोत्तुर’ म्हणजे नाताळमांजर, या नावानं ते ओळखलं जातं. तिथली मुलं त्याला घाबरतात आणि तितकंच त्याच्यावर प्रेमही करतात. २०१८ पासून रेक्याविक या राजधानीच्या भर चौकात दर डिसेंबरात त्याचा पाच मीटर उंच, दिव्यांनी मढवलेला पुतळा उभा राहतो. पर्यटक त्याच्यासमोर उभं राहून फोटो काढून घेतात. पण हे मांजर नेमकं कशासाठी जन्माला आलं, ते कळायला चौकातून घरात शिरावं लागतं. तेही नाताळच्या दिवशी नाही, त्याच्या आधीच्या दोन-तीन आठवड्यांत.

आम्हाला ती संधी मिळाली ती मुलीमुळे. तिच्याबरोबर काम करणाऱ्या मैत्रिणीचं माहेर आइसलँडच्या उत्तर भागात, आकुरेयरी या गावी. ‘नाताळला सगळेच येतात, तुम्ही त्याआधी या. खरी मजा तेव्हाच असते,’ असं तिनं आग्रहानं सांगितलं आणि डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही दोघं तिथं जाऊन पोहोचलो.

दिवस तीन तासांचा

उत्तर अटलांटिक महासागरातलं हे बेट आकारानं महाराष्ट्राच्या साधारण एक तृतीयांश. लोकसंख्या मात्र साऱ्या देशाची मिळून सुमारे चार लाख. त्यातली निम्म्याहून अधिक माणसं रेक्याविक आणि त्याच्या आसपास राहतात. आकुरेयरी हे उत्तरेतलं सर्वांत मोठं गाव, तरी वस्ती वीसेक हजारांचीच. लांबलचक खाडीच्या काठावर, बर्फाच्छादित डोंगरांच्या कुशीत ते वसलं आहे. उत्तर ध्रुववृत्त तिथून सुमारे शंभर किलोमीटरवर.

डिसेंबरात इथं सूर्य साडेअकराच्या सुमारास उगवतो आणि पावणेतीनच्या आत मावळतोसुद्धा! रेक्याविक दक्षिणेला असल्यानं तिथं तासभर उजेड जास्त. बाकी सगळी रात्र. पण थंडी मात्र आपण कल्पना करतो तितकी भयंकर नाही. समुद्रातून वाहत येणाऱ्या उबदार प्रवाहामुळं किनाऱ्यावर पारा शून्याच्या आगेमागे घुटमळत असतो. घरात तर स्वेटर काढूनच बसावं लागतं. जमिनीच्या पोटातलं कढत पाणी नळांमधून घरोघरी खेळवलेलं आहे. देशातली दहापैकी नऊ घरं याच पाण्यावर ऊबदार राहतात.

या काळोखात गाव दिसतं ते खिडक्यांतून. जवळजवळ प्रत्येक खिडकीत सात दिव्यांची कमान लावलेली असते, मधला दिवा उंच आणि दोन्ही बाजूंना उतरत गेलेले. आपल्या कोजागरीपासून तुळशीच्या लग्नापर्यंतच्या आकाशकंदिलांची आठवण व्हावी, असंच ते दृश्य.

आमच्या यजमानघरची आजी अठ्ठ्याहत्तर वर्षांची. आइसलँडमध्ये आडनावं नसतातच म्हटलं तरी चालेल. मुलाच्या नावापुढं वडिलांचं किंवा आईचं नाव लागतं आणि पंतप्रधानांनाही सगळे पहिल्या नावानंच हाक मारतात. पण आईच्या वयाच्या बाईंना नुसत्या नावानं हाक मारायला आमची जीभ रेटेना. ‘मग काय म्हणू?’ असं विचारल्यावर नात म्हणाली, ‘आम्ही म्हणतो तेच म्हणा... अम्मा!’ आम्ही चकितच झालो. आइसलँडिक भाषेत आजीला खरोखरच ‘अम्मा’ म्हणतात. त्या क्षणापासून आम्ही परके राहिलो नाही.

काडीचा आठवडा

अम्मांच्या हातात सुया आणि मांडीवर लोकरीचा गुंडा कायमचाच. बोलताना, रेडिओ ऐकताना, अगदी बटाटे शिजेपर्यंतसुद्धा टाके चालू. हात आपोआप फिरत असतात. ‘हे कधी शिकलात?’ या प्रश्नावर त्या हसल्या. शिकल्याचं त्यांना आठवतच नव्हतं.

या विणकामाचा इतिहास मोठा आहे. मेंढ्या इथं आल्या त्या नवव्या शतकाच्या अखेरीस, पहिल्या वसाहतवाल्यांबरोबर होड्यांतून. सुयांवरचं विणकाम पोचलं सोळाव्या शतकात. पुढच्या दोनशे वर्षांत पायमोजे आणि हातमोजे ही या गरीब देशाची निर्यातीची मोठी वस्तू झाली. शेती फारशी पिकत नव्हती. धान्य बाहेरून येई, तेही डेन्मार्कच्या व्यापाऱ्यांकडून. १६०२ ते १७८७ या काळात तर व्यापाराचा मक्ता त्यांच्याच हाती होता. पीठ, मीठ, लोखंड जे काही हवं, त्याच्या बदल्यात द्यायला घरात होते फक्त मासे, मांस आणि लोकर.

म्हणून हिवाळ्यात सारं घर विणायला बसायचं. घरं गवती मातीच्या जाड भिंतींची. माणसं राहत, जेवत आणि झोपत ती एकाच लांबट खोलीत. माशाच्या तेलाचा मिणमिणता दिवा मध्ये. कुणी लोकर पिंजतंय, कुणी कातते, बाकीचे विणताहेत. त्यात पुरुषही होते आणि लहान मुलंही. एक जण मात्र दिव्याजवळ बसून सर्वांना जुन्या वीरकथा वाचून दाखवी किंवा लांबलचक पोवाड्यांसारखी कवनं म्हणे. या संध्याकाळच्या बैठकीला ‘क्व्योल्दवाका’ म्हणत, म्हणजे सांजजागर. आइसलँडमध्ये लिहिता-वाचता येणाऱ्यांचं प्रमाण फार पूर्वीपासून मोठं होतं, त्याचं एक मूळ या बैठकांत आहे.

ऐकायला हे चित्र गोड वाटतं. पण नाताळच्या आधीचा शेवटचा आठवडा मात्र जीव काढणारा असे. सणाआधी विणलेला माल व्यापाऱ्याकडे पोचला, तरच सणासाठी पीठ आणि साखर मिळणार. शिवाय घरातल्या प्रत्येकाला, गड्या-मोलकरणींनासुद्धा, एक नवा कपडा आणि मेंढीच्या कातड्याचे नवे जोडे द्यायची रीत होती. तेही याच हातांनी पुरे व्हायचे. मग रात्र रात्र जागरण. झोप अनावर झाली, तर पापण्या मिटू नयेत म्हणून डोळ्यांना बारीक काड्या लावत! आगकाडीएवढी लाकडाची किंवा माशाच्या काट्याची ती काडी पापणीच्या कातडीला चिमटा काढून बसे. त्यावरून त्या आठवड्याचं नावच ‘काडीचा आठवडा’ पडलं.

आता मांजराचा उलगडा होतो. वेळेत काम पुरं करणाऱ्याला नवा कपडा मिळे. आळशाला मिळत नसे आणि मांजर त्याच्या वाटेवर बसलेलं असे. भीती घालून हात चालते ठेवायची ती युक्ती होती. एकोणिसाव्या शतकात लोककथांच्या संग्रहात या मांजराची नोंद झाली. १९३२ मध्ये योहान्नेस उर कोत्लुम या कवीनं नाताळच्या कवितांचं एक छोटं पुस्तक काढलं. त्यातून मांजर घराघरातल्या मुलांच्या तोंडी रुळलं. मात्र काळाच्या ओघात कथेचा रोख बदलला. अम्मा म्हणाल्या, ‘लहानपणी आई सांगायची, ज्यांना नवा कपडा मिळणार नाही, त्यांच्यासाठी आपण काहीतरी विणायचं. म्हणजे मांजर उपाशी राहील.’ त्या वर्षीही त्यांच्या टोपलीत तीन जोड हातमोजे तयार होते. घरातल्या कुणाच्याच मापाचे नव्हते.

पानरोटीचा दिवस

आमच्या मुक्कामातला सर्वांत मोठा दिवस होता शनिवारचा. सकाळपासून घरात माणसं जमू लागली. दोन मुलगे, सुना, मुलगी, जावई, सात नातवंडं आणि शेजारचे एक एकटे राहणारे आजोबा. प्रत्येकाच्या खिशात स्वतःचा छोटा धारदार चाकू! ‘लॉयवाब्रॉइथ’ करायचा तो दिवस होता. या शब्दाचा अर्थ पानांचा पाव. पण पदार्थ बघितला, तर आपल्या तळलेल्या पापडाचा किंवा पातळ कडक पुरीचा हा चुलतभाऊच. आपण त्याला पानरोटी म्हणू.

अठराव्या शतकापासून या पानरोटीचे उल्लेख सापडतात. उत्तर आइसलँड हे तिचं घर, बाकीच्या देशात ती विसाव्या शतकात पसरली. पीठ इतकं दुर्मीळ आणि महाग होतं, की सणाच्या दिवशी प्रत्येकाला एक तरी गव्हाची रोटी मिळावी म्हणून ती पातळ लाटली जाई. इतकी पातळ, की पलीकडचं अक्षर वाचता यावं. रोटी पातळ आणि पोटाला थोडी, म्हणून मग तिच्यावर नक्षी काढून तिला देखणी करायची. अभावातून आलेली ही कला आहे.

कृती सोपी आहे. अर्धा किलो मैद्यात एक मोठा चमचा साखर, अर्धा चहाचा चमचा बेकिंग पावडर आणि तेवढंच मीठ मिसळायचं. सुमारे ३०० मिलिलिटर दूध उकळून त्यात २५ ग्रॅम लोणी विरघळवायचं आणि गरम असतानाच पिठात ओतून घट्ट कणीक मळायची. काही घरांत थोडं शहाजिरं टाकतात. कणीक ओल्या फडक्याखाली झाकून ठेवायची. छोटे गोळे करून अतिशय पातळ लाटायचं आणि वर थाळी उलटी ठेवून कडेनं कापून गोल करायचा.

लाटण्याचं काम सुरू झालं आणि आम्हाला राहवेना. पोळपाट नव्हता, लाटणं जाडजूड, पण हात सवयीचे होते. पहिलीच रोटी कागदासारखी उतरली, तेव्हा अम्मांनी ती दिव्यासमोर धरली आणि सगळ्यांना दाखवली. मग पुढचे दोन तास आमची सुटका नव्हती! आमच्या शेजारी लाटायला उभे होते ते घरचे जावई, मासेमारी बोटीवरचे यंत्रज्ञ. त्यांचा वेग आमच्याहून थोडाच कमी होता.

पुढं नक्षीकाम. रोटीची हलकीच घडी घालून चाकूनं बाणाच्या टोकासारखे छोटे छेद द्यायचे, घडी उलगडायची आणि एकाआड एक टोक उचलून मागच्या टोकावर दुमडायचं. वेणी घातल्यासारखी ओळ तयार होते. या ओळींतून पानं, चांदण्या, सूर्य, कुणाच्या नावाचं पहिलं अक्षर उमटतं. पितळेचं एक दातेरी चाकही असतं, ते फिरवलं की छेदांची आख्खी ओळ एका दमात पडते. आमच्या यजमानांकडचं चाक अम्मांच्या सासूबाईंचं होतं. पण टोकं दुमडायचं काम मात्र बोटांनीच करावं लागतं. पाच वर्षांच्या नातीपासून ऐंशी ओलांडलेल्या शेजारच्या आजोबांपर्यंत सगळे माना खाली घालून त्यात गुंतले होते. कुणाची नक्षी फाटली, तर हसायचं आणि ती रोटी त्यालाच खायला द्यायची, हा घरचा नियम.

शेवटी तळणं. टोचणीनं चार ठिकाणी टोचायचं, म्हणजे फुगत नाही. कढत तेलात काही सेकंद एका बाजूनं, काही सेकंद दुसऱ्या बाजूनं. बदामी रंग आला की काढून लगेच वर सपाट झाकण दाबायचं. पूर्वी मेंढीच्या चरबीत तळत, आता बऱ्याच घरांत वनस्पती तेल किंवा तूप वापरतात. कापलेल्या कडांचे तुकडेही तळतात आणि ते मुलं तिथंच फस्त करतात. तळलेल्या रोट्यांची चवड डब्यात भरून ठेवली की नाताळपर्यंत कुरकुरीत राहते. नाताळच्या जेवणात ती लोणी लावून, धुरावलेल्या मटणाबरोबर खातात. आम्ही शाकाहारी, म्हणून आमच्यापुढं रोटी आणि रुबार्बच्या देठांचा आंबटगोड मुरांबा आला. चवीला फर्मास!

दुकानांत आता लाटून, गोल कापून ठेवलेल्या कच्च्या रोट्या मिळतात आणि तळलेल्यासुद्धा. मग एवढा खटाटोप कशाला? धाकट्या सुनेला आम्ही तसं विचारलं. ती एका बँकेत काम करते. म्हणाली, ‘मी एकटीनं करायचं असतं, तर पहिल्याच वर्षी विकत आणल्या असत्या.’

डबे पंधरा, हात दोन

तिच्या त्या वाक्यात मोठा अनुभव होता. कारण याच देशात नाताळचा दुसरा एक फराळही आहे आणि त्याची गोष्ट वेगळी घडली.

आपल्या दिवाळीसारखाच इथंही सणाआधी डबे भरायचा रिवाज. ‘अर्धचंद्र’ नावाची बिस्किटं म्हणजे चक्क भाजलेली करंजी, आत खोबऱ्याच्या सारणाऐवजी रुबार्बचा मुरांबा. ‘क्लेइनुर’ म्हणजे शंकरपाळ्याला मध्ये चीर पाडून, एक टोक त्यातून ओवून घातलेला पीळ. तो नाताळातच नव्हे, वर्षभर खातात. याशिवाय आल्याची-लवंगेची खुसखुशीत बिस्किटं, अंड्याच्या पांढऱ्या बलकाचे हलके वडे, थरावर थर देऊन केलेला पट्ट्यापट्ट्यांचा केक. विसाव्या शतकाच्या मध्याला ओव्हन, मैदा आणि साखर घराघरात पोचली आणि बायकांमध्ये जणू चढाओढ लागली. कुणाकडे दहा प्रकार, कुणाकडे पंधरा. जितके जास्त डबे तितकी गृहिणी कर्तबगार! हे सगळं ती रात्री, मुलं झोपल्यावर, एकटी करत असे. अम्मांनीही ते केलं आहे. ‘डोळ्याला काडी लावलेली नव्हती, एवढाच फरक,’ त्या म्हणाल्या.

मग आला २४ ऑक्टोबर १९७५. त्या दिवशी आइसलँडमधल्या सुमारे नव्वद टक्के स्त्रियांनी काम बंद ठेवलं, नोकरीतलं आणि घरातलंही. स्वयंपाक नाही, धुणं नाही, मुलांचं करणं नाही. शाळा, दुकानं, मासळीचे कारखाने अडले. वडील मुलांना कचेरीत घेऊन गेले. पटकन शिजतात म्हणून सॉसेजेस दुकानांतून संपली. घरकाम हेही काम असतं, हे देशाला एका दिवसात कळलं. पाच वर्षांनी, १९८० मध्ये, विग्दिस फिन्बोगादोत्तिर यांना लोकांनी राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून दिलं. जगात लोकांच्या थेट मतांनी राष्ट्राध्यक्ष झालेल्या त्या पहिल्या स्त्री. २४ ऑक्टोबर २०२३ रोजी असाच संप पुन्हा झाला आणि त्यात तेव्हाच्या पंतप्रधान कात्रिन याकोब्सदोत्तिरही सामील झाल्या.

अम्मा त्या १९७५ च्या दिवशी गावातल्या मैदानावर गेल्या होत्या. त्या वर्षीच्या नाताळात त्यांनी पंधराऐवजी चारच डबे भरले. ‘कुणाला फरकही कळला नाही,’ असं सांगताना त्या इतक्या हसल्या, की हातातला टाका सुटला.

आज त्या घरात पंधरा डबे नाहीत. पण पानरोटीचा दिवस मात्र एकदाही चुकलेला नाही. एकटीच्या खांद्यावरचं ओझं गळून पडलं आणि सर्वांनी वाटून घेतलेलं टिकलं. आपल्याकडेही करंज्या, चकल्या आता तयार मिळतात. घरच्या फराळाची चव राहिली नाही, म्हणून हळहळ व्यक्त होते. ती करणाऱ्यांपैकी किती जण करंज्या भरायला बसतात, हे ज्यानं त्यानं स्वतःलाच विचारावं! उन्हाळ्यात गच्चीवर शेजारणी जमून पापड-कुरडया करायच्या, तेव्हा त्या कामाचा शीण वाटत नसे. आकुरेयरीच्या त्या टेबलाभोवती आम्हाला त्या गच्चीची आठवण झाली. फरक इतकाच, की इथं पुरुषही लाटत होते.

हा टाका कुणाचा?

विणकामाचं काय झालं? ते टिकलं, पण त्याला वेगळीच झुंज द्यावी लागली.

आइसलँडची मेंढी आखूड पायांची, दोन पदरी लोकरीची. वरचे केस लांब, राठ आणि पाणी न शोषणारे. आतली लोकर मऊ आणि ऊब धरून ठेवणारी. दोन्ही एकत्र करून, पीळ न देता जे सैल सूत बनतं, त्याला ‘लोपी’ म्हणतात. त्याचा स्वेटर तो ‘लोपापेय्सा’. गळ्याभोवती नक्षीचं गोल कडं, अंग आणि बाह्या गोल सुईवर विणलेल्या, शिवण जवळजवळ नाहीच. फार प्राचीन वाटतो, पण हा नमुना विसाव्या शतकाच्या मध्याचा. आज तो देशाची ओळख झाला आहे. मासे पकडणारा घालतो आणि संसदेतला सभासदही.

विणकाम शाळेत शिकवतात, मुलग्यांना आणि मुलींनाही. अम्मांचा अकरा वर्षांचा नातू मामासाठी टोपी विणत होता. सुलट-उलट टाक्यांचा हिशेब चुकला, की तो अम्मांकडे न जाता आपल्या वडिलांकडे जाई.

विणणाऱ्या बायकांना मोबदला मात्र फार थोडा मिळे. म्हणून त्यांनीच पुढाकार घेऊन १९७७ मध्ये ‘हाताने विणणाऱ्यांचा संघ’ स्थापन केला. रेक्याविकमधल्या स्कोलावोर्दुस्तिगुर या रस्त्यावर त्यांचं दुकान आहे. पर्यटक वाढले, स्वेटरची मागणी वाढली आणि मग आइसलँडची लोकर परदेशात पाठवून, तिथं स्वस्तात विणून आणलेले स्वेटर ‘आइसलँडिक’ म्हणून विकले जाऊ लागले. लोकर इथली, टाका परक्या देशातल्या कुठल्या तरी कमी मजुरीच्या बाईचा. विणकऱ्यांनी आवाज उठवला. अखेर २०२० मध्ये ‘आइसलँडिक लोपापेय्सा’ या नावाला कायद्याचं संरक्षण मिळालं. लोकर आइसलँडच्या मेंढीची आणि हातविणकाम आइसलँडमध्येच झालेलं असेल, तरच ते नाव लावता येतं. पैठणीच्या नावाला २०१० मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला, त्याच जातीची ही गोष्ट. असा एक स्वेटर पुरा करायला सवयीच्या हातांनाही कित्येक संध्याकाळी लागतात. किंमत ऐकून दचकायला होतं खरं, पण त्या संध्याकाळी मोजल्या की दचकणं थांबतं.

तेरा खोडकर भाऊ

घरातल्या मुलांचं लक्ष मात्र खिडकीकडे. १२ डिसेंबरपासून रोज रात्री डोंगरावरून एक असे तेरा भाऊ उतरतात, अशी तिथली कथा. त्यांची आई ग्रीला ही राक्षसीण आणि नाताळमांजर हे तिचंच पाळीव. एक भाऊ ढवळायचा चमचा चाटतो, दुसरा पातेलं खरवडतो, तिसरा दारं धाडकन आपटतो, चौथा सॉसेजेस पळवतो. लांब नाकाचा एक जण पानरोटीच्या वासावर येतो आणि २४ तारखेला शेवटचा येतो तो मेणबत्त्या पळवणारा. अन्न आणि उजेड यांचीच चोरी करणारे हे चोर, यावरून त्या काळी घरात कशाची टंचाई होती ते कळतं. मेणबत्ती ही तर तेव्हा मुलांना मिळणारी मौल्यवान भेट होती.

पूर्वी हे भाऊ भयंकर होते. त्यांची भीती मुलांना घालू नये, असं फर्मान १७४६ मध्ये काढावं लागलं! आता ते मवाळ झाले आहेत. मुलं खिडकीत बूट ठेवतात. शहाण्यासारखं वागलं तर सकाळी त्यात छोटीशी भेट, नाहीतर बटाटा. आमच्यासमोर एका सकाळी सात वर्षांच्या नातवाच्या बुटात बटाटा निघाला. बिचारा दिवसभर बहिणीशी भलताच प्रेमानं वागत होता.

चोवीसच्या संध्याकाळी सहा

२३ तारीख संत थोरलाक यांच्या नावाची. स्कालहोल्टचे हे बिशप ११९३ मध्ये त्याच दिवशी वारले. त्या दिवशी आंबवलेला माशाचा एक प्रकार शिजवतात, त्याचा उग्र दर्प जिन्यात शिरला की शेजारी काय चाललंय ते सांगावं लागत नाही. रेडिओवर दिवसभर देशभरातल्या लोकांनी एकमेकांना पाठवलेल्या शुभेच्छा वाचून दाखवतात. ‘अमक्या शेतावरच्या सर्वांना, तमक्या बोटीवरच्या मंडळींना...’ असा तो संथ सूर आणि त्या सुरावर झाडलोट, इस्त्री, भेटींची बांधाबांध. अम्मांच्या मते तो सूर ऐकल्याशिवाय नाताळ येऊच शकत नाही.

२४ तारखेला दुपारी माणसं दिवे घेऊन दफनभूमीत जातात. बर्फावर ओळीनं दिवे लागतात, गेलेल्यांनाही सणात सामावून घेतलं जातं. संध्याकाळी बरोबर सहा वाजता रेडिओवरून रेक्याविकच्या कॅथीड्रलच्या घंटा ऐकू येतात आणि साऱ्या देशात नाताळ सुरू होतो. कामं जिथल्या तिथं थांबतात. जेवण, भेटी आणि मग पुस्तकं! दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इतर वस्तूंच्या मानानं कागदाच्या आयातीवर कमी बंधनं होती, त्यामुळं पुस्तक ही नाताळची भेट ठरून गेली. आजही बहुतेक नवी पुस्तकं सणाआधीच्या दोन-तीन महिन्यांत निघतात आणि त्या रात्री लोक नवं पुस्तक घेऊन अंथरुणात शिरतात.

आम्ही २० तारखेलाच निघालो, त्यामुळं हे सारं नंतर फोनवर ऐकलं. निघताना अम्मांनी पानरोट्यांचा एक डबा बांधून दिला आणि वर करड्या लोकरीच्या पायमोजांचे दोन जोड ठेवले. आमची मापं त्यांनी कधी घेतली, कुणास ठाऊक! मुंबईच्या हवेत ते मोजे घालायचा प्रसंग येणं कठीण. पण पुढच्या दिवाळीत करंज्या करायचा दिवस ठरला, तेव्हा घरातल्या पुरुषमंडळींनाही तारीख आधीच कळवली. दोघे आले. त्यातल्या एकाच्या करंज्या तेलात उलल्या, त्या त्यालाच खायला लावल्या.

जाणार असाल तर...

आइसलँडसाठी शेंगेन व्हिसा लागतो. युरोपातल्या एखाद्या शहरात विमान बदलून रेक्याविकजवळच्या केप्लाविक विमानतळावर उतरता येतं. तिथली वेळ आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. आकुरेयरी रेक्याविकपासून रस्त्यानं सुमारे ३९० किलोमीटर. हिवाळ्यात हा रस्ता हिमवादळानं बंद होऊ शकतो, म्हणून हाताशी एखादा दिवस जास्त ठेवावा. देशांतर्गत विमानही आहे. घरगुती तयारी बघायची असेल, तर डिसेंबरचा पहिला पंधरवडा उत्तम. २४ च्या दुपारनंतर आणि २५ ला दुकानं, उपाहारगृहं बहुतेक बंद असतात, तेव्हा खाण्याची सोय आधीच करून ठेवावी. शाकाहारी मंडळींनी पानरोटी कशात तळली आहे, ते विचारून घ्यावं. आणि स्वेटर घेताना हाताने आइसलँडमध्येच विणल्याची चिठ्ठी आहे ना, तेवढं पाहावं.